कोऱ्या मापाचा अर्थ

यंत्रभागाचे कोणतेही साधे ड्रॉइंग उघडले, तर मोजक्या मापांपुढे टॉलरन्स लिहिलेली दिसते आणि बाकीच्या मापांपुढे नुसता आकडा असतो. बेअरिंग बसणारा व्यास ३० के६ असा नेमका दिलेला असतो. पण त्याच शाफ्टची एकूण लांबी २४०, कॉलरची जाडी १२, टोकाचा चॅम्फर २ × ४५° एवढेच लिहून डिझायनर पुढे गेलेला असतो. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये अशा मापाला 'ओपन' म्हणतात. शब्द सुटसुटीत आहे, पण त्याच्या पोटात एक गैरसमज वाढला आहे. ओपन म्हणजे मोकळे, आणि मोकळे म्हणजे ज्याचा हिशेब कोणी मागणार नाही असे, हा अर्थ त्याला नकळत चिकटला. मग टर्नर ठरवतो की इथे अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे चालेल. इन्स्पेक्टर ठरवतो की २४० लिहिले आहे तर २४०च आले पाहिजे. डिझायनरने त्या मापाचा विचार केलेला असतो, किंवा नसतोही. कागद एक, आकडा एक आणि मर्यादा मात्र तीन, अशी स्थिती होते. आणि ती उघडकीला येते तेव्हा बहुधा माल तयार होऊन गिऱ्हाइकाच्या दारात पोहोचलेला असतो.

या विषयाची ओळख करून देताना मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. ज्याच्यापुढे टॉलरन्स लिहिलेली नाही, अशा मापाची हद्द ड्रॉइंगवरच दुसऱ्या जागी, टायटल ब्लॉकमध्ये किंवा एखाद्या टिपेत, दिलेली असते. आणि तशी ती कुठेही दिलेली नसेल, तर ती अस्तित्वातच नसते. पहिल्या प्रसंगी ती वाचायची, दुसऱ्या प्रसंगी विचारून लिहून घ्यायची. अंदाजपंचे दाहोदरसे हा तिसरा मार्ग आपल्याकडे सर्रास चालतो आणि पुष्कळदा निभावूनही जातो. पण निभावून जाणे हा त्या मार्गाच्या बाजूचा पुरावा कसा होत नाही, हे पुढच्या विवेचनात दाखवायचे आहे.

आयटीआयमध्ये टर्नर आणि मशिनिस्ट यांच्या बरोबरीने 'फिटर' हा ट्रेड शिकवला जातो. या प्रश्नाचा बराचसा इतिहास त्या एका नावात आहे. एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक कारखान्यांत सुटे भाग मापाच्या जवळपास करून ठेवत आणि मग फिटर कानस व स्क्रेपर घेऊन ते एकमेकांत बसवी. ड्रॉइंगवरचा आकडा दिशा दाखवी. शेवटचे माप जोडीचा भाग ठरवी. अशा व्यवस्थेत टॉलरन्स लिहिण्याचे कारणच नव्हते, कारण ती फिटरच्या हातात राहत होती. एका यंत्रातला भाग काढून दुसऱ्या यंत्रात तसाच बसला पाहिजे, ही अट आली तेव्हा हे चित्र पालटले. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांसाठी सर्व कारखान्यांना एकच पद्धत सुचवली, ती याच गरजेतून. पुढे गो आणि नो-गो गेज आले, मापाला वरची आणि खालची हद्द आली आणि निर्णय हातातून कागदावर गेला. पण तो सगळ्या मापांच्या बाबतीत एकदम गेला नाही. जुळणाऱ्या भागांच्या हद्दी आधी लिहिल्या गेल्या, बाकीची मापे कारागिराच्या समजुतीवर राहिली. जर्मन तंत्रज्ञांनी त्यांना 'फ्रायमास', म्हणजे मोकळी मापे, असेच नाव दिले होते. डीआयएन ७१६८ या त्यांच्या जुन्या मानकात तो शब्द वापरात होता. नंतर त्याच्या जागी 'सर्वसाधारण टॉलरन्स' हा शब्द आला. आपला 'ओपन' हा त्या जुन्या जर्मन शब्दाचा सख्खा भाऊ शोभतो. फरक इतकाच की तिथे शब्द बदलला, तशी कल्पनाही बदलली: मापाचे मोकळेपण संपले आणि सर्व मापांना लागू होणारी एक हद्द आली.

ती हद्द किती, हे आयएसओ २७६८ या मानकाच्या १९८९ मध्ये आलेल्या पहिल्या भागात दिले आहे. भारतीय मानक ब्यूरोने तोच मजकूर आयएस २१०२ भाग १ म्हणून १९९३ मध्ये स्वीकारला. त्यात चार वर्ग आहेत: सूक्ष्म, मध्यम, जाड आणि अतिजाड, आणि त्यांची अक्षरे एफ, एम, सी, व्ही. टायटल ब्लॉकमध्ये 'आयएसओ २७६८-एम' असे लिहिले असेल, तर आपल्या शाफ्टची २४० लांबी ±०.५ मिमी, १२ची कॉलर ±०.२ मिमी आणि २चा चॅम्फर ±०.२ मिमी झाला. तिथे एफ असता तर लांबी ±०.२ आणि कॉलर ±०.१; सी असता तर लांबी ±१.२ आणि कॉलर ±०.५. म्हणजे जे माप 'ओपन' म्हणून सोडून दिले होते, त्याला एका अक्षराने नेमकी हद्द मिळाली. माप वाढते तशी हद्दही टप्प्याटप्प्याने रुंदावते, कारण लांब भाग तितक्याच अचूकतेने करणे अवघड असते. टप्पे मात्र तुटक आहेत: मध्यम वर्गात ३० मिमीला ±०.२ आणि ३१ मिमीला ±०.३. सोय म्हणून स्वीकारलेली ही व्यवस्था आहे आणि ती तशीच वाचली पाहिजे. दोन टप्प्यांच्या मधला काही आकडा आपल्या मनाने काढायचा नसतो.

या आकड्यांमागचा विचार लक्षात घेतला, तर कोऱ्या मापाचा अर्थ स्पष्ट होतो. चांगल्या कारखान्यात नेहमीच्या यंत्रांवर, नेहमीच्या काळजीने काम केले तर जी अचूकता सहज साधते, तीवर ही हद्द बेतलेली आहे. त्यापेक्षा सैल टॉलरन्स दिल्याने सहसा पैसे वाचत नाहीत. ३५ मिमी व्यासाला ±१ मिमी चालणार असेल, तरी तसे लिहून काही हाती लागत नाही. मध्यम वर्गाची ±०.३ ही हद्द कोणताही बरा टर्नर वेगळा प्रयास न करता सांभाळतो. तेव्हा माप कोरे ठेवून डिझायनर असे सांगत असतो की तुमच्या कारखान्याची नेहमीची अचूकता या जागी मला पुरेशी आहे. हे विधान आहे, आणि खरेखोटे ठरू शकेल असे विधान आहे. म्हणून ते करण्याआधी डिझायनरने विचार केला पाहिजे, आणि ते ऐकणाऱ्यानेही आपली नेहमीची अचूकता खरोखर तेवढी आहे का, हे अधूनमधून मोजून पाहिले पाहिजे.

इथे एक चूक फार पसरलेली आहे. टायटल ब्लॉकमध्ये काहीच नसेल तर आयएसओ २७६८-एम आपोआप लागू होते, असे पुष्कळ अनुभवी माणसेही समजतात. तसे होत नाही. हे मानक ड्रॉइंगवर किंवा ड्रॉइंगशी जोडलेल्या कागदावर नाव घेऊन बोलवावे लागते. आयएसओ ८०१५ या मूलभूत मानकाच्या २०११ च्या आवृत्तीने हे तत्त्व दोन्ही बाजूंनी बांधले आहे: सर्वसाधारण टॉलरन्स दिली असेल तर ती स्वतंत्र टॉलरन्स नसलेल्या प्रत्येक मापाला लागू होते, आणि जी अपेक्षा ड्रॉइंगवर नाही तिची सक्ती करता येत नाही. भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, अंबड इथल्या वर्कशॉपमध्ये हा भेद केवळ पुस्तकी राहत नाही, कारण एकाच टेबलावर जर्मन, जपानी आणि अमेरिकी गिऱ्हाइकांची ड्रॉइंग येतात. जपानी ड्रॉइंगवर जेआयएस बी ०४०५ असते आणि त्याचे आकडे आयएसओच्या पहिल्या भागाशी जुळतात. अमेरिकी ड्रॉइंगची रीत मात्र वेगळी आहे. तिथे इंचांतल्या मापात दशांशचिन्हानंतर किती आकडे आहेत, यावर टॉलरन्स ठरवण्याची प्रथा आहे. टायटल ब्लॉकमध्ये दोन आकड्यांना ±.०१ आणि तीन आकड्यांना ±.००५ असे लिहिले असेल, तर १.५० आणि १.५०० ही दोन वेगळी मापे झाली: पहिल्याला सुमारे पाव मिलिमीटर, दुसऱ्याला त्याच्या निम्मे. हे ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये उतरवणारा दोन्ही ठिकाणी ३८.१ लिहितो आणि शेवटच्या शून्यात साठवलेली माहिती नाहीशी होते. आयएसओच्या रीतीत २० आणि २०.० यांत टॉलरन्सचा काहीही फरक नाही; अमेरिकी इंची ड्रॉइंगवर तोच शून्य म्हणजे अर्धा करार असू शकतो. तेव्हा कोणत्याही मापाकडे जाण्याआधी हे ड्रॉइंग कोणत्या नियमांच्या भाषेत बोलते आहे, ते टायटल ब्लॉकमध्ये पाहावे.

हद्द वाचली, तरी ती त्या जागी योग्य आहे का, हा प्रश्न उरतो. आणि तो आकड्याकडे पाहून सुटत नाही, कामाकडे पाहून सुटतो. दोन प्लेट आहेत आणि दोघींत ८० मिमी अंतरावर दोन छिद्रे आहेत असे समजा. खालच्या प्लेटमध्ये एम८चे आटे, वरच्या प्लेटमध्ये ९ मिमीची छिद्रे. मध्यम वर्गाने दोन्ही प्लेटमधल्या ८० या अंतराला ±०.३ मिळते, अगदी वाईट योग आला तर दोन प्लेटमध्ये ०.६ मिमीचा फरक पडेल. बोल्टभोवती १ मिमीची मोकळीक आहे, म्हणून जोडणी होते. इथे ८० कोरे ठेवणे रास्त आहे. आता त्याच अंतरावर बोल्टऐवजी ८ मिमीच्या दोन डॉवेल पिना घ्या. पिनेचे छिद्र एच७, म्हणजे त्याची सगळी हद्द ०.०१५ मिमी. त्या छिद्रात मोकळीक जवळजवळ नाहीच; दोन प्लेटमधला ०.६चा फरक राहू द्या, दहाव्या हिश्शाच्या फरकानेसुद्धा दुसरी पिन आत जाणार नाही. आकडा तोच, ८०, मानक तेच, पण पहिल्या ठिकाणी मौन बरोबर आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ती डिझायनरची चूक आहे. ही चूक टर्नरने किंवा मशिनिस्टने आपल्या अकलेने झाकू नये. त्याने डॉवेलची छिद्रे पाहून विचारावे, कारण त्याच्या न बोलता घेतलेल्या काळजीची नोंद कुठेच राहत नाही, आणि पुढची ऑर्डर दुसऱ्या वर्कशॉपला गेली की तीच चूक तिथे रिजेक्शन होऊन उभी राहते.

किरकोळ वाटणारी मापे या बाबतीत जास्त दगा देतात. आपल्या शाफ्टवर ३० मिमी व्यासावर ६२०६ हे बेअरिंग बसते. त्याच्या आतल्या रिंगच्या कोपऱ्याची त्रिज्या किमान १ मिमी असते, म्हणून शाफ्टच्या खांद्यातला फिलेट १ मिमीपेक्षा मोठा असून चालत नाही. डिझायनरने तिथे नुसते 'आर १' लिहिले आणि टायटल ब्लॉकमध्ये एम आहे, तर त्या त्रिज्येला ±०.२ मिळाले. १.२ मिमीचा फिलेट ड्रॉइंगप्रमाणे पास आहे, पण बेअरिंगचा कोपरा त्या गोलाईवर चढतो आणि रिंग खांद्याला टेकत नाही. शेजारच्या व्यासाला हजारांश मिलिमीटरमध्ये हद्द दिलेली आणि ज्या जागेवर बेअरिंग प्रत्यक्ष टेकणार तिला मात्र सर्वसाधारण नियमाच्या हवाली केलेले, असे हे उदाहरण आहे. 'आर १ कमाल' एवढे दोन शब्द तिथे पुरेसे होते.

याहून सूक्ष्म प्रकार म्हणजे जी मापे ड्रॉइंगवर आकड्याने लिहिलेलीच नसतात. दोन रेषा काटकोनात काढल्या की ९० लिहायचे नाही, दोन व्यास एका मध्यरेषेवर काढले की ते एकमध्य असावेत असे धरायचे, ही सर्वत्र चालणारी रीत आहे. पण किती काटकोन आणि किती एकमध्य? पहिला भाग एकटाच लागू असेल, तर न लिहिलेल्या काटकोनालाही कोनांची सर्वसाधारण टॉलरन्स मिळते. लहान भुजा १०० मिमीची असेल, तर मध्यम वर्गात ती २० मिनिटे आहे. १०० मिमीवर ती ०.५८ मिमीची कलती होते, आणि तीही दोन्ही बाजूंना. व्यासांच्या एकमध्यतेबद्दल तर पहिला भाग काहीच बोलत नाही. म्हणून १९८९ मध्येच दुसरा भाग आला. त्यात सरळपणा, सपाटपणा, काटकोन, सममिती आणि रनआउट यांच्यासाठी एच, के, एल असे तीन वर्ग ठेवले. 'एमके' लिहिले की १०० मिमीपर्यंतच्या काटकोनाला ०.४ आणि रनआउटला ०.२ मिमी, 'एमएच' लिहिले की ०.२ आणि ०.१. टायटल ब्लॉकमधले हे दुसरे अक्षर घाईत वाचायचे राहून जाते, आणि टप्प्यांच्या शाफ्टवर तर सगळा तंटा त्याच अक्षरापाशी येऊन थांबतो.

एकेक माप हद्दीत असूनही भाग चुकतो, तो साखळीमुळे. एका पट्टीवर २५ मिमी अंतराने पाच छिद्रे आहेत. अंतरे २५, २५, २५, २५ अशी एकापुढे एक लिहिली, तर मध्यम वर्गात प्रत्येकाला ±०.२ आणि पहिल्यापासून शेवटच्या छिद्रापर्यंत ±०.८ इतकी तफावत चालेल. तेच अंतर पहिल्या छिद्रापासून १०० असे थेट लिहिले, तर ±०.३. भाग तोच, वर्ग तोच, तरी मापे मांडण्याच्या पद्धतीने हद्द अडीचपटीहून अधिक बदलली. यावर असे म्हणतात की चारही अंतरे एकाच दिशेला चुकण्याचा योग दुर्मीळ असतो आणि वर्गमुळाच्या हिशेबाने तफावत ±०.४च्या आसपासच राहते. हिशेब बरोबर आहे, पण त्याचे गृहीतक असे की प्रत्यक्ष मापे हद्दीच्या मध्याभोवती पसरतात. वर्कशॉपची सवय तशी नाही. बाहेरचे माप थोडे जास्तीवर आणि बोअर थोडा कमीवर ठेवायचा, म्हणजे चुकले तर पुन्हा काढायला मटेरियल राहते, हे शहाणपण प्रत्येक टर्नर पहिल्या वर्षातच शिकतो. एकेका भागापुरते ते खरे शहाणपण आहे. पण २५ मिमीचे चार स्पेसर एकावर एक बसणार असतील आणि चारही ०.१५ने जास्त असतील, तर उंची १००.६ होते. प्रत्येक स्पेसर पास, जोडणी नापास. सर्वसाधारण टॉलरन्स ही चुकलेल्या मापाला दिलेली जागा आहे, मुद्दाम वापरायची जागा नव्हे. नेम मधल्या आकड्यावरच धरला पाहिजे.

या मानकाचा अधिकार कुठे संपतो, हेही माहीत असावे. ते कापून किंवा पत्रा वळवून केलेल्या भागांसाठी आहे. ओतीव भागांसाठी आयएसओ ८०६२, वेल्डिंगच्या कामासाठी आयएसओ १३९२०. कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावसारख्या ठिकाणी फाउंड्री आणि मशिनशॉप शेजारी शेजारी आहेत आणि एकाच भागावर दोन्ही मानके नांदतात. अशा वेळी एक बाजू ओतीव आणि दुसरी मशिन केलेली असेल, तर त्या दोहोंमधल्या कोऱ्या मापाला दोन सर्वसाधारण टॉलरन्सपैकी मोठी लागू होते. हा नियम माहीत नसल्याने फाउंड्रीच्या खात्यातला फरक मशिनशॉपच्या माथी मारला जातो. तसेच कंसातले माप केवळ माहितीसाठी असते आणि चौकटीतले माप सैद्धांतिक असते. या दोघांनाही सर्वसाधारण टॉलरन्स लागत नाही. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान मापाला तर कोष्टकात जागाच नाही, त्याची हद्द त्याच्यापुढेच लिहावी लागते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की हा गोंधळ मुळातच का ठेवायचा? प्रत्येक मापापुढे टॉलरन्स लिहा आणि विषय संपवा. हा उपाय प्रामाणिक दिसतो, पण त्याने ड्रॉइंगची वाचनीयता जाते. साठ मापांपुढे साठ हद्दी आल्या की त्यांतल्या ज्या पाचांवर यंत्राचे काम अवलंबून आहे, त्या गर्दीत हरवतात. इन्स्पेक्टर साठही सारख्याच गांभीर्याने तपासतो, किंवा कंटाळून साठही सारख्याच ढिलाईने. शिवाय लिहायचेच आहे म्हटले की सवयीने ±०.१ लिहिले जाते आणि जिथे व्हर्नियर पुरला असता तिथे मायक्रोमीटर आणि सीएमएम लागतात. कोऱ्या मापामुळे लिहिलेल्या मापाला वजन येते. म्हणून कोरेपणा राहू द्यावा, पण टायटल ब्लॉकमधली एक ओळ कधीही कोरी राहू देऊ नये.

दुसरा आक्षेप कारखान्यातून येतो: आजचे व्हीएमसी आणि सीएनसी लेथ शंभरांश मिलिमीटरमध्ये काम करतात, मग या ±०.३चा काथ्याकूट कशाला? यंत्र काय करू शकते आणि भागाला काय हवे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची सरमिसळ दोन्ही बाजूंना महाग पडते. गिऱ्हाईक चांगल्या यंत्रावर झालेल्या पहिल्या लॉटला सरावते, त्या अचूकतेवर आपली जोडणी बेतते आणि ड्रॉइंगवर काहीच बदलत नाही. टूल झिजल्यावर, फिक्स्चर बदलल्यावर किंवा काम दुसऱ्याकडे गेल्यावर माप ड्रॉइंगच्या हद्दीत राहूनही जोडणी अडते, आणि ज्याने करार पाळला तोच दोषी ठरतो. चांगल्या यंत्रामुळे वाईट ड्रॉइंग काही काळ लपते, इतकेच.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. माप वाचा, नसेल तर विचारा, असा काटेकोरपणा धरला तर ०.०५ने हद्दीबाहेर गेलेला निरुपद्रवी भागही भंगारात जाईल. हे शहाणपण की हटवाद? याचे उत्तर आयएसओ २७६८ मध्येच आहे आणि ते फार थोड्यांनी वाचलेले असते. वेगळे काही ठरलेले नसेल, तर सर्वसाधारण टॉलरन्सबाहेर गेलेला भाग, त्याच्या कार्यात बाधा येत नसेल तर, आपोआप नाकारला जाऊ नये, असे त्यात कलम आहे. मोजपट्टीच्या वर कार्य आहे, हे मानकानेच मान्य केले. पण या कलमाचा आधार घेऊन पुरवठादाराने हद्द विसरावी, असा त्याचा अर्थ होत नाही. भागाच्या कार्यात बाधा येते की नाही, हे ठरवण्याची माहिती त्याच्याकडे सहसा नसतेच; ती डिझायनरकडे असते. कलमाचा उपयोग एवढाच की हद्दीबाहेरचा भाग पाहून इन्स्पेक्टरने लाल शिक्का उचलण्याआधी डिझायनरला विचारावे, आणि पुरवठादाराने डेव्हिएशन मागताना लाजू नये. म्हणजे हे कलमही शेवटी विचारण्यापाशीच आणून सोडते.

चौथा आक्षेप नव्या काळाचा. आता त्रिमितीय मॉडेल येते, ड्रॉइंगवर मापेच फारशी नसतात. मग ही चर्चा जुनी झाली, असे काही जण म्हणतात. मॉडेल आदर्श आकार दाखवते, हद्द दाखवत नाही. त्यातले जवळजवळ प्रत्येक माप कोरेच असते, म्हणून प्रश्न मिटण्याऐवजी पसरतो. २०२१ मध्ये आयएसओने २७६८चा दुसरा भाग मागे घेतला आणि आयएसओ २२०८१ आणले, त्याची दिशा इथे बोलकी आहे. नव्या मानकात तयार कोष्टक नाही. पृष्ठभागाच्या प्रोफाइलची एक सर्वसाधारण टॉलरन्स द्यायची, ती कोणत्या डेटमपासून मोजायची ते सांगायचे, आणि आकडा डिझायनरने स्वतः ठरवून लिहायचा. एम किंवा के हे अक्षर सवयीने टेकवून मोकळे होण्याची सोय तिथे उरलेली नाही. जुन्या ड्रॉइंगवर 'एमके' आहे तिथे ते वाचत राहावे लागेलच आणि पहिला भाग तर चालूच आहे. पण नव्या मानकाने जबाबदारी कोणाची, हे स्पष्ट केले आहे.

जबाबदारी डिझायनरची, हे मान्य करूनही आपल्या छोट्या वर्कशॉपपुढे व्यवहाराचा प्रश्न राहतो. गिऱ्हाईक मोठे, ड्रॉइंग अर्धवट, आणि जास्त प्रश्न विचारले तर ऑर्डर दुसरीकडे जाण्याची धास्ती. या धास्तीला पुस्तकी उपदेशाने उत्तर देता येत नाही, पण एक स्वस्त उपाय आहे. टायटल ब्लॉक कोरा असेल तर कोटेशनमध्ये एक ओळ घालावी: टॉलरन्स न दिलेली मापे आयएस २१०२-एमप्रमाणे धरली आहेत. पीओमध्ये त्या कोटेशनचा उल्लेख घ्यावा. डॉवेल, बेअरिंगचा खांदा, सीलची जागा, टप्प्यांचा शाफ्ट अशी कामे दिसली, तर त्यांच्यापुरता वेगळा प्रश्न त्याच पत्रात विचारावा. समजूतदार गिऱ्हाइकाला यात अडाणीपणा दिसत नाही, उलट हा माणूस ड्रॉइंग वाचतो असा भरवसा वाटतो. आणि ज्याला तो प्रश्नच नको आहे, त्याचे कोरे माप पुढे कोणाच्या अंगावर येणार, हे पहिली चिप पडण्याआधीच कळलेले बरे.

फिटरच्या काळी दोन भाग बसले नाहीत, तर कानस चालवून ते बसवता येत होते. आज शाफ्ट एका गावात होतो, हाउसिंग दुसऱ्या देशात, आणि ती दोन्ही प्रथम भेटतात तिथे कानस घेऊन कोणी उभे नसते. जो समंजस निर्णय पूर्वी जोडणीच्या टेबलावर शेवटी होत असे, तो आता ड्रॉइंग हातात पडताच करावा लागतो. टायटल ब्लॉक वाचणे, मापाचे काम ओळखणे आणि न कळलेले विचारणे या तीन सवयी त्यासाठी लागतात. त्यांना महागडे यंत्र लागत नाही. आयटीआयमधून नुकता बाहेर पडलेला मुलगा आणि वीस वर्षे लेथवर उभा असलेला टर्नर, दोघेही २४० या कोऱ्या आकड्याकडे पाहून 'याची हद्द कुठे लिहिली आहे?' असे विचारू लागले, तर हा विषय मांडण्याचे काम झाले असे मी समजेन.